गुणाकाकांचा डावा हात

गुणाकाकांचा डावा हात कायम त्यांच्या पाठीमागे असायचा. चालताना, बोलताना, विडी ओढताना, अगदी देवळातसुद्धा. कमरेच्या पंचात तो मागच्या बाजूला असा पक्का खोचलेला असे की नवख्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ पाठीमागे काहीतरी लपवतो आहे. देवीपुढेही ते उजवा तळवा छातीशी उभा धरायचे आणि डाव्याची जागा रिकामी ठेवायचे. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, "गुणाजी, अर्धोच नमस्कार कित्याक रे?"

"अर्धो मी केलंय," काका शांतपणे म्हणाले, "अर्धो देवीन धरून घेवचो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ट्रकच्या काचेतून. तेव्हा मी रेडीच्या खाणीवरच्या एका ट्रकवर क्लीनर होतो. माझं गाव जतच्या पलीकडचं, शाळा पाचवीत सुटलेली, आणि समुद्र मी त्याआधी चित्रातसुद्धा नीट बघितलेला नव्हता. खाणीवर लाल दगडमाती भरायची, उतार उतरायचा आणि बंदरावर ओतायची. उतारावर माझं काम एकच. मांडीवर लाकडी ठोकळा घेऊन बसायचं, आणि ब्रेक धरेनासा झाला तर उडी मारून तो मागच्या चाकाखाली सारायचा. काम सांगणाऱ्यानं ते विडी पेटवता पेटवता सांगून टाकलं होतं. मी मात्र प्रत्येक उताराला ते मनात करून बघायचो, आणि प्रत्येक वेळी ठोकळ्याच्या जागी माझा पाय जायचा.

आमचा ड्रायव्हर रामाण्णा बेळगावकडचा. त्याला कशाचीच भीती वाटत नसे. त्यामुळे दोघांच्या वाटणीची मीच बाळगायचो.

त्या दिवशी उताराच्या मध्यावर एक बाई डोक्यावर माशांची पाटी घेऊन रस्त्यावरून चालली होती. तिच्या मागे थोडं अंतर ठेवून एक उंच, वाळका माणूस. त्याच्या उजव्या हातात बांबू, बांबूच्या टोकाला लाल फडकं, आणि डावा हात पाठीमागे. रामाण्णानं हॉर्न दाबला. बाई वळलीच नाही. माणूस वळला आणि स्टेशनमास्तरनं गाडी थांबवावी तसं त्यानं फडकं आडवं धरलं.

रामाण्णानं ब्रेक मारून डोकं बाहेर काढलं. "काय हो, मिरवणूक निघालीय काय?"

"माझी बाईल आसा," तो म्हणाला. "तिका आयकाक येणा नाय. तुमी वायच दम धरा."

आता ती बाई वळली. तिनं ट्रककडे बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघितलं. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज कसा मोठा असतो, तशा आवाजात ती म्हणाली, "परत निशाण वर केलास? मी काय देवाची पालखी आसंय, मागसून अब्दागीर होयो?"

रामाण्णा हसला. मी हसलो नाही, कारण माझे हात अजून ठोकळ्याला चिकटलेले होते. तो माणूस माझ्या बाजूला आला, त्यानं माझ्या मांडीकडे बघितलं आणि मान डोलावली.

"ठोकळो हातात धरलेलो आसा, बरा केलंस. जपान रव रे झिला."

मला त्या किनाऱ्यावर येऊन बरेच दिवस झाले होते. 'हो बाजूला', 'चढ वर', 'उतर खाली' असं पुष्कळ जणांनी सांगितलं होतं. जपून राहा असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं.

दिवाळीनंतर मला हिवताप भरला. अंगावर पोतं घेऊन मी ट्रकमध्येच कुडकुडत होतो. रामाण्णाला पुढची खेप चुकवायची नव्हती. रस्त्याला लागून घर होतं गुणाकाकांचं, म्हणून त्यानं मला त्यांच्या पडवीत निजवलं आणि तो गेला. भागीरथीकाकीनं मला तीनदा 'तू खंयचो' म्हणून विचारलं. मी तीनदा सांगितलं, तिला एकदाही ऐकू गेलं नाही. शेवटी ती म्हणाली, "खंयचो का असेना, पेज पी." उकड्या तांदळाची गरम पेज आणि सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. बांगड्याच्या वासानं माझा ताप आणखी वाढला असं मला वाटलं, पण दोन दिवसांनी मीच तो मागून घेतला. ताप गेला. मी गेलो नाही. पडवीचा तो कोपरा माझा झाला. त्या दोघांचं ते ऋण मी कशानं फेडणार? म्हणून निदान सांगून तरी ठेवतो.

डाव्या हाताचं कारण मला तापातच कळलं. काका तरुणपणी बोटीवर खलाशी होते. तिथं वायरलेसच्या खोलीतली झाडलोट त्यांच्याकडे असे. त्या खोलीच्या साहेबानं त्यांना पहिल्या दिवशीच एक नियम घालून दिला होता.

"एक हात कामात, एक हात फाटी," काका मला सांगत. "दोनय हात लावलंस तर करंट एका हातातसून शिरता नि दुसऱ्या हातातसून भायर पडता. वाटेत काय आसा? काळीज."

मला ते पटलं. शंका फक्त एकच होती. रेडीत तेव्हा वीजच नव्हती. घराघरात रॉकेलचे दिवे, लग्नकार्याला गॅसबत्ती. मी तसं म्हणालो.

"म्हणानच तर," काका म्हणाले. "ती येतली तेवा हाताक सवय होयी."

असा हा माणूस. माडाखालून जाताना ते वर बघत जात, आणि वर बघत चालल्यामुळे खाली ठेचकाळत. विहिरीचा दोर रोज ओढून तपासत. आभाळात ढग दिसला की घरातली कोयती, विळा, पळी सगळं बाहेर खळ्यात नेऊन ठेवत, वीज लोखंडावर पडते म्हणून. मग काकी ती पळी शोधत फिरे. मीही भित्रा, पण माझी भीती वेडीवाकडी, कुठूनही येणारी. काकांची शिस्तीत होती. त्यांच्या शेजारी बसलं की मला बरं वाटे. आपल्यापेक्षा जास्त भिणारा माणूस घरात असला की झोप चांगली लागते.

आणखी एक सवय मला पहिल्यापासून दिसत होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. काका विहिरीवर असोत, माडाच्या आळ्यात असोत, मधेच हाक मारत, "भागी." काकीला ती ऐकू येणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. मग ते हातातलं काम टाकून ती असेल तिथं येत, तिला बघत आणि काही न बोलता परत जात. "सगळो दिस तोंड बघून जातत," काकी मला ओरडून सांगे, "होया काय ता सांगणत नाय."

काकी रोज सकाळी किनाऱ्यावर मासे घेई आणि पाटी डोक्यावर घेऊन शिरोड्याच्या बाजारात जाई. बाजाराचा फाटा उताराच्या खाली होता, म्हणजे तोवरचा रस्ता आमच्या ट्रकांचा. त्या रस्त्यावर एकदा एक म्हैस ट्रकखाली गेली. तेव्हापासून काकांनी बांबू आणि फडकं घेतलं होतं. तिनं घरी बसावं असं त्यांनी एकदाच सुचवलं होतं. "मगे खातलास काय? तारा?" असं काकीनं विचारलं आणि तो विषय संपला. खरोखरच घरभर तारा होत्या.

कारण काकांनी काकीसाठी कान करायला घेतला होता.

पहिला कान त्यांनी दिव्यांचा केला होता. रेडिओत असतात तसले काचेचे दिवे. त्याला बॅटऱ्या दोन लागत, एक दिवे तापवायला लहान आणि दुसरी विटेएवढी, पंचेचाळीस व्होल्टची. यंत्र चाललं होतं म्हणे. पण काकीच्या गळ्यात ते अडकवायची वेळ आली तेव्हा काकांनी हात मागे घेतला. घामानं भिजलेली बाई, माशांचं खारं पाणी, आणि छातीवर पंचेचाळीस व्होल्ट. त्यांनी ते यंत्र उचलून माळ्यावर ठेवलं ते ठेवलंच.

"एकच सेल," ते मला म्हणत. "बॅटरीतलो, दीड व्होल्टचो. तान्ह्या पोरान जिभेर धरलो तरी काय होणा नाय. तेच्यावर जो चलात तोच कान खरो."

आमच्या भागात सेलला मसाला म्हणतात. मी एकदा विचारलं, "काका, एका मसाल्यावर एवढं होईल?" तर काकी नेमकी माझ्या तोंडाकडे बघत होती. ओठांवरून तिनं अर्धं ओळखलं आणि चुलीवरच्या माशाकडे बघून म्हणाली, "मसालो कमी पडतलो, मोरी आसा ती."

एका सेलवर चालायला दिवे उपयोगाचे नव्हते, ट्रान्झिस्टर हवे होते. लोक तेव्हा रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणत. काका म्हणत तो रेडिओच्या पोटातला दाणा: शेंगदाण्याएवढी काळी काचेची नळी, खाली तीन पाय, एका पायाशी लाल ठिपका. गोवा मोकळा झाल्यावर काकांचा एक भाचा वास्कोला कामाला लागला होता. त्यानं सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात असे मूठभर दाणे आणून दिले होते. काही नवे, काही मोडक्या यंत्रांतून काढलेले, काहींचे नंबर पुसलेले. त्यातले तीन लागणार होते. पण कुठले तीन? इथंच सगळं अडलं होतं.

त्या निवडीला सगळा हिवाळा गेला. मुलीसाठी स्थळं बघावीत तसं काकांचं चाललं होतं. पहिल्या जागी बसणारा दाणा एकदम शांत हवा. तो स्वतःच कुरकुरणारा असला तर त्याची कुरकुर पुढचे दोघे वाढवून सांगणार. शेवटचा दमाचा हवा, कान हलवून सोडणारा. मधला पहिल्याचं ऐकून शेवटच्याला नीट सांगणारा. आणि तिघंही एका सेलवर राजी हवेत. यात काकांची एक खोच होती. नव्या सेलवर ते परीक्षाच घेत नसत. बॅटरीतून काढलेला, मरायला टेकलेला सेल ते जपून ठेवत आणि दाण्याला त्याच्यावर लावत.

"सेल ताजो असताना सगळेच गातत. थकल्यावर कोण गाता ता बघूक होया."

प्रत्येक दाण्याला त्यांनी नाव दिलं होतं. एक सारखा फुसफुसायचा, तो शिंकरो. एक थकलेल्या सेलवर झोपी जायचा, तो तलाठी. एक सुरुवातीलाच मोठ्यानं बोलायचा आणि तापला की नुसता गर्जायचा, त्याचं नाव रामाण्णा. आणि एकाचं नाव त्यांनी माझं ठेवलं होतं.

"हो नामा," त्यांनी मला दाखवला. "दार वाजला तरी थरथरता."

"मग टाकून द्या की."

"खुळो काय तू? भियाणारो बरो. बारीकसारीक सगळा तेकाच आयकाक येता." आणि त्यांनी नामाला पहिल्या जागेसाठी बाजूला काढून ठेवला. आयुष्यात माझी निवड झाली ती तेवढीच.

सर्वांत मोठी परीक्षा उन्हाची होती. हे दाणे तापले की आतून गळायला लागतात. करंट नको तिथून झिरपतो आणि बोलणं बुडतं. होडीत पाणी शिरावं तसंच, असं काका म्हणत. गळका दाणा ओळखायला त्यांनी बोटीवरच्या जुन्या होकायंत्राभोवती तारेचे वेढे घातले होते. दाणा गळू लागला की सुई हले. पण दाणा तापवायचा कशानं? चुलीपाशी नेला तर जळायची भीती. म्हणून काका तो काखेत धरत.

आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. डावा हात नियमाप्रमाणे पाठीमागे. उजव्या काखेत दाणा, म्हणून उजवा हात अंगाशी घट्ट. काखेतून तीन तारा बाहेर आलेल्या, समोर होकायंत्र, आणि काका सुईकडे टक लावून बसलेले. एकही हात मोकळा नाही. अशा वेळी काकी चहा आणी, बशीत ओते आणि त्यांच्या तोंडाला लावी. "लग्नात घास भरवलंय," ती मला सांगे, "तेवापासना भरवतंच आसंय."

अशाच एका दुपारी, काखेत नामा असताना, काकांनी बोट का सोडली ते मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सुई हलत नव्हती म्हणून बहुधा त्यांना बोलावंसं वाटलं.

"साहेबान एकदा हेडफोनचो एक कान माझ्याकडे दिल्यान. म्हणालो, आयक. खंयची तरी बोट हाक मारी होती. टिक टिक, टिक टिक. आमी आयकत होतंव. जबाबय दिलो. पण तेंका तो पोचलो काय नाय, कोणाक म्हायत? परत परत तीच हाक."

"मग?"

"मगे थांबली."

ते पुन्हा सुईकडे बघू लागले.

"हाक मारणाऱ्याक कळणा नाय रे, समोरच्यान आयकली काय नाय ता."

बोट सोडताना त्या साहेबानं जुना हेडफोन त्यांना दिला होता. काकीचा कान करताना त्यांनी त्याचेच दोन भाग केले. एक तिच्या कानाशी बसवला, दुसरा डबीत घातला, जगाचं ऐकायला. डबी साबणाची, ॲल्युमिनियमची. तीन दाणे आणि एक सेल त्यातच. काकीनं खणाची पिशवी शिवली आणि शिमगा झाल्यावर एका सकाळी ती गळ्यात घातली.

काकांनी बटण फिरवलं. काकी हलली नाही. मग तिनं मान वर केली. शिंक्याचा दोर करकरत होता, तो ती बघत राहिली. कोंबडी खळ्यात माती उकरत होती. काकीनं तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्या मेलयेचो केवढो आवाज." ते म्हणताच ती दचकली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"मी इतक्या मोठ्यान बोलतंय?" तिनं मला विचारलं, अगदी हळू.

त्या दिवसापासून काकी इतकं हळू बोलू लागली की 'काय म्हणालीस?' असं आम्हीच तिला विचारू लागलो.

काकांनी बांबूचं फडकं सोडलं, घडी केली आणि बांबू वाशांत खोचून टाकला. "आता माझा काम नाय," ते म्हणाले. सकाळी काकी एकटी पाटी घेऊन निघाली. काका उंबऱ्यात उभे होते. ती वळणाआड गेली तरी ते तिथंच उभे होते. इतका मोठा विजय मिळालेला आणि इतका उतरलेला माणूस मी कधी बघितला नव्हता.

मी तेव्हा सुटलो असं समजत होतो. प्रत्येक खेपेला उतारावर मला काकीची पाटी दिसायची आणि मी ठोकळा आणखी घट्ट धरायचो. आता तिला हॉर्न ऐकू येणार होता. वैशाख तापला. उताराचा लाल रस्ता दहा वाजताच भाजायला लागे. काकी तशीच जाई, पदराखाली डबी, कानात ते काळं बोंड.

आणि एक दिवस आम्ही भरला ट्रक घेऊन उतरायला लागलो, तर काकी पुढे रस्त्यावर होती. रामाण्णानं हॉर्न दिला. काकी वळली नाही. त्यानं परत दिला. ती आपल्याच चालीनं चालत होती.

"नाम्या," रामाण्णा म्हणाला.

त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याच्या आवाजात भीती होती. मी त्याच्या पायाकडे बघितलं. ब्रेकचं पेडल तळाला टेकलेलं होतं आणि ट्रक चाललाच होता.

मी उडी मारली. रोज मनात मारत होतो तशी नाही, कशीही. गुडघे फुटले, ठोकळा मात्र हातात राहिला. मी मागच्या चाकापाशी पळत ओरडत होतो, "काकी, काकी." ठोकळा एकदा सारला, तो उडाला. पुन्हा उचलून सारला. तेवढ्यात पुढे काजूच्या झाडांतून कुणीतरी रस्त्यावर आलं. काका होते. बांबू नाही, फडकं नाही. घरी राहवत नाही म्हणून हा माणूस रोज काजूंआडून तिच्या मागे चालत होता, हे मला त्या क्षणी कळलं. ते ट्रकसमोर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले. दोन्ही.

रामाण्णानं ट्रक दरडीला घासला. जांभ्याची माती ढासळली, चाक ठोकळ्यावर चढलं आणि थांबलं.

धूळ बसली तेव्हा काकी रस्त्याच्या कडेला, काजूच्या बुंध्याशी उभी होती. पाटी डोक्यावर जशीच्या तशी. ती केव्हाच बाजूला झाली होती. ट्रकपुढे एकटे काकाच उभे होते, हात पसरून, डोळे मिटून.

काकीनं पाटी खाली ठेवली, येऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढत कडेला नेलं. "गाडयेक मिठी मारूक गेल्लास?" हे मात्र ती पूर्वीच्याच आवाजात म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. त्यांनी आधी तिच्या पिशवीला हात लावला, आणि काढून घेतला. डबी चटका देत होती. त्यांनी ती तिच्या तोंडासमोर धरून बोट वाजवलं. काकीनं मान हलवली. डबी मुकी होती.

"नामा गळलो," काका म्हणाले. "काखेपेक्षा हंय जास्त गरम. ह्या माझ्या ध्यानातच इला नाय." ते तिच्यासमोर उभे होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "हॉर्न तुका आयकाक इलोच नाय."

काकीनं त्यांचे ओठ वाचले. "रोजच येणा नाय," ती म्हणाली. "ऊन चढला की तो मुको जाता."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"इतक्या दिसांनी तुमी हसत होतास. कशी सांगू?" मग तिनं अनवाणी पाय रस्त्यावर आपटला. "आणि माका हॉर्न कित्याक होयो? भरली गाडी येता तेवा जमीन थरथरता. पायांक कळता. इतकी वर्सां कोण सांगा होता माका? तुमचा निशाण?"

माझं लक्ष काकांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो बाजूला नुसता लोंबत होता. उजवा हात उन्हानं करपलेला, चिरांनी भरलेला, आणि हा पांढरा, मऊ, शाळेतल्या पोराचा असावा तसा.

रामाण्णा पायरीवर बसून पाणी पीत होता. त्याचे दात तांब्यावर वाजत होते. मला म्हणाला, "तू रोज असाच घाबरतोस काय रे?"

"रोज," मी म्हणालो.

त्यानं तांब्या माझ्याकडे दिला.

संध्याकाळी वारा सुटला. आम्ही खळ्यात बसलो होतो. माझ्या गुडघ्यांना काकीनं हळद लावली होती. काकांनी दाण्यांचा डबा उघडला नव्हता. बांबू वाशांतून काढला होता आणि फडकं त्याला परत बांधत होते. बांधता बांधता थांबले.

"तुका पायांक कळता," ते म्हणाले, तोंड तिच्याकडे करून, सावकाश. "मगे मी मागसून येवन काय उपेग? फाल्यापासून येणंय नाय."

"येवा," काकी म्हणाली.

"कित्याक?"

काकी भाजीला आलेलं केळफूल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "एकट्यान घरात रवाक तुमका भंय वाटता. माका म्हायत नाय काय? म्हणान मी हळू चलतंय. नायतर तुमचे पाय माका पुरवतले?"

काका उठले. बांबू तसाच टाकून ते माडांकडे निघून गेले, पार कुंपणाच्या टोकाला, जिथून पुढे वाळू आणि समुद्र. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता मी आत जावं. पण गुडघे आखडले होते.

काकीनं हात पुसले. पिशवीतून डबी काढून गालाला लावून बघितली. गार होती. तिनं बोंड कानात घातलं, बटण फिरवलं आणि परत केळफूल हातात घेतलं.

माडांखालून काकांनी हाक मारली. जोरात नाही. ते एरवी मारत तशीच, कुणाला ऐकू जाणार नाही अशी.

"भागी."

"ओ," काकी म्हणाली.

काका वळले. इतक्या लांबून त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. समुद्र वाजत होता. मग होडीला हाक मारताना धरतात तसे त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"भागी."

"ओ. काय ता?"

"काय नाय."

काकीनं केळफुलाचं आणखी एक पान उलगडलं. पुन्हा हाक आली. तिनं पुन्हा ओ दिली. पुन्हा आली. मी पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होतो. जतच्या पलीकडे मला नावानं हाक मारणारं तेव्हा कुणी उरलं नव्हतं, आणि मला ते त्या दिवशी फारसं बोचलं नाही.

"ओ, ओ," काकी शेवटी म्हणाली, हळूच, नव्या आवाजात. "हंयच आसंय. खंय जातलंय मी?"